दारफाळणीच्या दिवशी मी गप्प बसले

यंदा १७ मेला अधिक ज्येष्ठ लागला आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. जावई एकच असला तरी वाण तेहतीस अनारशांचं. पीठ मी चांगलं मुरवते, पण तळताना दर घाण्यात दोन तरी हसतातच. हसलेला अनारसा जावयाच्या ताटात चालत नाही, तो वईवरून पलीकडे जातो.

वई म्हणजे आमच्या दोन परसांमधलं कुंपण. अर्धी जास्वंद, अर्धी गंजकी तार आणि मधे एक फट, ताटली आडवी न करता जाईल एवढी. मी लग्न होऊन अलिबागला आले तेव्हाही ती फट होती. तेव्हा पलीकडे वहिनींच्या सासूबाई उभ्या असायच्या. आता त्या खुर्चीत बसून असतात, ऐकू कमी येतं म्हणतात, पण नेमकं जे ऐकायचं ते ऐकतात.

वहिनी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. अलिबागकराला हे सांगावं लागत नाही, इथे इस्राएल आळीच आहे आणि आळीत १८४८चं सिनेगॉग आहे. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगते, की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचा हा विस्तार, अशी त्यांच्यातली पिढीजात कथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं.

“वहिनी, तुमच्यात अधिक महिना असतो का हो?” मी ताटली सरकवत विचारलं. हा प्रश्न मी दर तीन वर्षांनी विचारते.

“असतो की. एकोणीस वर्षांत सात वेळा. आमचा अदार दोनदा येतो. पण तुमच्यासारखे जावयाचे लाड नाहीत.”

“म्हणून तर तुमच्याकडच्या मुली इतक्या शिकतात. जावयाचं वाण वाचलं.”

वहिनी हसल्या. विषय धाकटीवर यावा म्हणूनच मी तो तसा वळवला होता, हे कबूल करते. त्यांची धाकटी गेल्या सप्टेंबरात स्कॉटलंडला गेली, एडिंबऱ्याला, जनुकशास्त्रात एम.एस्सी. करायला. १९९६ साली डॉली मेंढी जन्मली ती त्याच गावाजवळ, हे मला तीच सांगून गेली होती. पोरगी माझ्या डोळ्यांसमोर वाढली, माझ्या वईवरच्या जास्वंदी तोडून. तेव्हा तिची खबर ठेवणं हा माझा हक्क आहे.

“काय म्हणते? जेवते का नीट?”

“जेवते काय! अलिबागची पोर, सुरमईशिवाय घास उतरायचा नाही, ती तिकडे जाऊन शाकाहारी झाली.”

याची गंमत अशी, की यांना मांस कोशेर लागतं. म्हणजे जनावर त्यांच्या रीतीनं कापलेलं हवं, रक्त काढलेलं हवं. एडिंबऱ्यात ते सहज मिळेना. कुणी एकत्र मागवलं तर मँचेस्टरहून गोठवलेलं यायचं, तेही विद्यार्थ्याच्या खिशाला जड. मासा मात्र सोपा. पर आणि खवलं असलं की चालतो. याच परीक्षेवरून डेव्हिड रहाबी नावाच्या गृहस्थानं कोकणातल्या या माणसांना ज्यू म्हणून ओळखलं, असं सांगतात. बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि त्यांनी बिनखवल्याची बाजूला काढली. धाकटीनं हीच परीक्षा तिथल्या मासळीबाजारात चालवली आणि हॅडॉक व सामन पास केले. पण तळलेला मासा विकणाऱ्या काही दुकानांत कढईत गुराची चरबी असते असं कळलं आणि तिनं तोही नाद सोडला. मग डाळ, भात आणि डब्यातलं नारळाचं दूध.

नारळाच्या दुधाचं माझं एक लाडकं मत आहे. यांच्यात मांसाबरोबर दूध चालत नाही, दही नाही, लोणी नाही. जगातल्या ज्यू बायकांना या नियमानं किती रडवलं असेल! आणि आमच्या वहिनींच्या खापरपणज्या कोकणात उतरल्या, तर समोर माडच माड. रस्सा दाट व्हायचा तो झालाच आणि नियमही मोडला नाही. देवानं गलबत योग्य ठिकाणी फोडलं, असं मी वहिनींना एकदा म्हणाले. त्यांनी ते तिकडे पोरीला सांगितलं आणि पोरीनं ते तिथल्या शुक्रवारच्या जेवणावळीत सांगितलं. म्हणजे माझं वाक्य एडिंबऱ्याला जाऊन आलं, मी नाही.

“आणि तो तवा?” मी विचारलं. तव्याची गोष्ट मला पाठ आहे, तरी पुन्हा ऐकायची होती.

“त्या तव्याचं नाव काढू नका, ताई.”

पोरीनं इथून लोखंडी तवा नेला होता, भाकरीसाठी. हॉस्टेलचं स्वयंपाकघर सहाजणांत एक. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी भल्या सकाळी त्याच्यावर डुकराचं मांस परतलं. बिचाऱ्यानं नंतर घासूनही ठेवला, चकचकीत. पोरीनं रडत फोन केला. पलीकडून खुर्चीतला आवाज आला, “लाल होईस्तोवर तापव, शुद्ध होईल.” आजीचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, पण हॉस्टेलच्या विजेच्या शेगडीवर तवा लाल व्हायचा म्हणजे आधी आगीचा भोंगा वाजला असता. तवा आता तिच्या खोलीत पुस्तकांना टेकू देतो.

त्या भोंग्यानं तिला एकंदरच छळलं. घरी शुक्रवारी संध्याकाळी वहिनी काचेच्या ग्लासात पाणी, वर तेल आणि त्यात वात लावतात. इथून वईपलीकडून ते दिसतं, मला त्यावरून शुक्रवार कळतो. हॉस्टेलवर ज्योत पेटवायला बंदी. हनुक्काचे आठ दिवे गेल्या डिसेंबरात तिनं विद्यार्थ्यांच्या मंडळात जाऊन लावले, खोलीत बॅटरीचे. आजीला बॅटरीचा दिवा काही पटला नाही. “देवाला सेल कोण घालतंय?” म्हणाल्या.

त्यातून तिथला सूर्य. आपल्याकडे वर्षभर सहा ते साडेसातच्या आत मावळतो, शब्बाथ कधी लागायचा याचा विचार करावा लागत नाही. तिकडे डिसेंबरात दुपारी तीन-वीसला दिवा लावायची वेळ! प्रयोगशाळेतून धावत सुटायचं. उलट दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या आत शब्बाथ संपूनही जातो. आणि आता जून येतोय, तर सूर्यच रात्री दहाला मावळतो. शनिवारी तीन तारे दिसायची वाट बघायची तर साडेअकरा उलटतात. तिच्या ओळखीचा एक कट्टर मुलगा शनिवारी विजेचं कार्ड दाराला लावत नाही, म्हणून हॉस्टेलच्या दारात कुणी आत जाईल का याची वाट बघत उभा असतो. धाकटी मुद्दाम त्या वेळेला चक्कर मारते आणि त्याच्यासमोर दार उघडते. पण “ये” म्हणत नाही. तसं सांगितलं तर त्याला चालत नाही ना!

“तशी आपली कुठं एवढी कडक आहे?” वहिनी म्हणाल्या. “पण तिकडे गेल्यापासून प्रश्न फार विचारते मला. हे का, ते का. मी काय सांगू? माझ्या आईनं केलं, सासूबाईंनी केलं, मी केलं.”

तिकडे तिलाच लोक प्रश्न विचारतात ना, म्हणून. पहिल्याच दिवशी सिनेगॉगमध्ये, तेही जुनं आहे, १९३२चं, एका वयस्क बाईनं प्रेमानं विचारलं, “तू धर्म केव्हा स्वीकारलास?” पोरीनं उत्तर दिलं, “दोनेक हजार वर्षं झाली असतील.” आणि दिवाळीला मराठी मंडळात गेली, तर तिथल्या काकू म्हणाल्या, “अय्या, ज्यू असून किती छान मराठी बोलतेस!” हे ऐकल्यावर मला राग आला. आमची धाकटी दोन्हीकडे पाहुणी ठरली. बरं, नेला होता काय? चिकाचा हलवा! गव्हाचा चीक काढून, नारळाच्या दुधात घोटून वहिनी नव्याच्या सणाला करतात तो. तीन दिवस गहू भिजवायला तिला कुठला वेळ, तिनं चायना ग्रास वापरून वेळ मारून नेली. मंडळातल्या काकूंनी दोनदा घेतला, असं कळलं. मग राग थोडा कमी झाला.

सणांची नावं तर तिकडच्या मुलांनी वहीत उतरवून घेतली. रोश हशाना, योम किप्पूर ही नावं सगळ्या जगात. आमच्या आजींच्या तोंडी मात्र नव्याचा सण, दारफाळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. पेसाह म्हणजे अनाशी ढाकाचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास, तो बिरड्याचा रोजा. त्या दिवशी वाल सोलायचे! एका अमेरिकन मुलीनं विचारलं, की बिरडं म्हणजे दुःखाचं प्रतीक का? धाकटी म्हणाली, “सोलायला बसलात तर कळेल.”

पेसाहचा किस्सा मात्र वेगळा झाला. यंदा १ एप्रिलच्या संध्याकाळी सेदरचं जेवण होतं. आठ दिवस खमीर नाही, हे सगळ्यांचंच. पण युरोपातल्या बहुतेक ज्यूंमध्ये तांदूळही वर्ज्य, डाळीसुद्धा. धाकटी खजुराचा शिरा आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन गेली आणि भाकऱ्या पाहून चार जण उठून उभे राहिले. त्यांच्या टेबलावर शिऱ्याच्या जागी किसलेलं सफरचंद आणि अक्रोड. मग रब्बींनी सांगितलं, की हिच्या घराण्याची रीत वेगळी आहे, हिला चालतं. भाकऱ्या दुसऱ्या टेबलावर ठेवल्या. “आणि मग रात्री अकरा वाजता,” वहिनी म्हणाल्या, “त्या चारांतले दोन जण नुसतं बघायला आले, की भाकरी गोल कशी होते.”

हे सगळं ऐकताना मी अनारसे मोजत होते. वहिनी मधेच म्हणाल्या, “गेल्या दसऱ्यासारखा दिवस मात्र पुन्हा नको.”

मी ताटली खाली ठेवली.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. गेल्या वर्षी आमचे आणि त्यांचे सण हातात हात घालून आले. २२ सप्टेंबरला सकाळी मी घट बसवले, संध्याकाळी त्यांचा नव्याचा सण लागला. आमच्या ह्यांना हा चमत्कार वाटला. वहिनी म्हणाल्या, चमत्कार कसला, तुमचा चंद्र आणि आमचा चंद्र एकच. मग दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, त्यांची दारफाळणी आली. आदल्या दिवशी सूर्य मावळला की उपास सुरू. पाणी नाही, फोन नाही, पांढरे कपडे, दारं लावून घ्यायची. वहिनींचे यजमान सिनेगॉगमध्ये, सासूबाई म्हाताऱ्या म्हणून वहिनी घरात. आणि एडिंबऱ्यात पोरीचाही फोन बंद.

मी नेहमीसारखी वईपाशी गेले, सोनं द्यायचं ते संध्याकाळी द्यावं म्हणून आपटा तोडायला. पावणेतीन वाजले असतील. आत टीव्ही चालू होता आणि ह्यांनी मला हाक मारली. मँचेस्टरमध्ये सिनेगॉगवर हल्ला झाला होता, ऐन योम किप्पूरच्या सकाळी. माणसं जखमी झाल्याचं सांगत होते. पुढे कळलं, दोघं गेले.

आता मला ठाऊक असलेली एक गोष्ट अशी, की धाकटीनं आठवडाभर आधी फोनवर सांगितलं होतं, “मैत्रिणीचं घर मँचेस्टरला आहे, ती म्हणतेय उपासाला तिकडे चल. बघू.” हे “बघू” मी वईवरूनच ऐकलं होतं. मी सगळं ऐकते.

ह्यांनी नकाशा काढला. मँचेस्टर ते एडिंबरा साडेतीनशे किलोमीटर. म्हणजे इथून कोल्हापूर म्हणा ना. त्यानं धीर येईना, कारण पोरगी कुठल्या टोकाला आहे तेच माहीत नव्हतं. पलीकडचं दार लावलेलं. वाजवलं असतं तर वहिनींनी उघडलं असतं. पण उघडून त्या काय करणार होत्या? फोन लावला तरी पोरीचा बंद. उपाशी बाई, घरात म्हातारं माणूस. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे आळीला माहीत आहे. त्या दिवशी तीन ते सात मी आपट्याची पानं मांडीवर घेऊन वईपाशी स्टुलावर बसले आणि आळीतल्या दोघी बायका “कळलं का?” करत आल्या, त्यांना परत पाठवलं. एकीला तर मी खोटंच सांगितलं, की वहिनी घरी नाहीत.

साडेसहाला दिवेलागण झाली. सात वाजता तारे दिसले, सिनेगॉगमधून शोफारचं शिंग वाजलं असेल, थोड्या वेळानं दार उघडलं. मी सोनं घेऊन आत गेले. वहिनींनी सरबत पिता पिता फोन चालू केला आणि तो थांबेचना, टिंग टिंग टिंग. मुंबईहून, ठाण्याहून, इस्राएलमधल्या नणंदेकडून. मग बारापर्यंत आम्ही बसलो होतो. तिकडे अंधार पडायला आपली मध्यरात्र व्हायची. वहिनी दर पाच मिनिटांनी फोन लावत, बंद. आजी शेमाची प्रार्थना म्हणत होत्या, तेवढंच, पुन्हा पुन्हा. मी काय म्हणणार, मी भांडी घासली.

बारा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. पोरगी एडिंबऱ्यातच होती. शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत हजेरी होती, म्हणून मँचेस्टर रद्द केलं होतं. तिलाही काही माहीत नव्हतं, दारावरच्या पहाऱ्याला कळलं होतं, पण प्रार्थना थांबवली नव्हती. “आई, इथे आत जाताना आधीपासूनच पिशवी तपासतात,” म्हणाली. “मुंबईत २००८च्या हल्ल्यापासून आपल्याकडे पोलीस असतातच ना, मला सवय आहे.” वहिनी एवढंच म्हणाल्या, “गळ्यातली चांदणी कपड्यांच्या आत घाल.” त्यावर पोरगी हसली. तिथल्या थंडीत चार थर असतात, कुठली चांदणी आणि कुठलं काय!

तर आठ महिने वहिनींची समजूत अशी, की मी सात वाजता सोनं घेऊन आले, तो योगायोग. आणि आज बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, “बाई गं, तीनपासून माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. “तीनपासून?”

मी अनारसे मोजायला घेतले.

“तुम्हाला तीनला माहीत होतं?”

“पावणेतीनला. तीनला मी बसले.”

त्या काही बोलल्या नाहीत. रागावल्या की काय, मला कळेना. खरं सांगते, मला अजूनही कळत नाही मी बरोबर केलं की चूक. आई आहे ती, तिला कळायला हवं होतं, असं ह्यांचं मत. माझं मत वेगळं होतं आणि आहे, पण पैज लावून सांगण्याइतकं नाही. शेवटी खुर्चीतून आवाज आला. “मला चारला कळलं होतं. हिच्या मैत्रिणी वईपाशी इतक्या मोठ्यानं कुजबुजत होत्या.”

“तुम्हाला ऐकू येत नाही ना, आई!” वहिनी ओरडल्या.

“दारफाळणीला येतं,” आजी म्हणाल्या. आणि लगेच विषय बदलावा तसं मला विचारलं, अनारशांत तूप कुठलं घातलंस?

मग दुसऱ्या गोष्टी निघाल्या. आजींसाठी पोरीनं पाठवलेला लोकरी मफलर. स्कॉटलंडमध्ये घराण्याघराण्याचं चौकड्यांचं कापड असतं, त्याला टार्टन म्हणतात, आणि २००८ साली ग्लासगोच्या एका रब्बींनी ज्यूंचाही स्वतंत्र टार्टन काढला. लोकर आणि लिनन एकत्र विणलेलं त्यांना चालत नाही, तेही त्यात सांभाळलंय. मेच्या उकाड्यात आजी तो मांडीवर घेऊन बसतात. टार्टनमध्ये त्यांना रस नाही, त्यांना शिकायला जाणाऱ्यांत रस. त्यांच्या दृष्टीनं परदेशात शिकावं तर झिराडबाईंनी. डॉ. जेरुशा झिराड पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनला शिकल्या, १९१९ साली एम.डी. झाल्या, १९६६ला पद्मश्री मिळाली. आपलं झिराड इथून हाकेच्या अंतरावर. आणि कवी निसिम इझिकेल १९४८ला लंडनला गेले ते १९५२ला मालवाहू बोटीवर काम करत परत आले, कारण तिकिटाला पैसे नव्हते. “तुमच्या धाकटीला सांगा,” आजी मला म्हणाल्या, जशी काही ती माझीच, “बोटीनं येऊ नकोस. विमानानं ये.”

फेब्रुवारीत, तू बिश्वतच्या सणाला, इथे सगळे खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या दर्शनाला गेले होते. पोरीनं एडिंबऱ्यात मलिदा केला. पोहे भारतीय दुकानातले, नारळ गोठवलेला, पाच फळांत आंब्याऐवजी नासपती. बाहेर बर्फ होता आणि खोलीत बाराजण. सरबत तिनं काळ्या मनुका भिजवून केलं, जसं वहिनी शुक्रवारी करतात. तिथल्या मुलांना वाइनपेक्षा ते आवडलं, असं वहिनी म्हणतात. मी तिथे नव्हते, त्यामुळे शहानिशा करता येत नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी वहिनींनी ताटली परत दिली. रिकामी देत नाहीत कधी. त्यात तीन दिवस गहू भिजवून केलेल्या चिकाच्या हलव्याचे सहा तुकडे होते. नव्याच्या सणाला अजून चार महिने आहेत, मी म्हटलं, आत्ता कशाला केलात? म्हणाल्या, केला.

यंदा आमच्या अधिकामुळे गणित बदललंय. त्यांचा नव्याचा सण ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो आणि आमची चतुर्थी १४ला. पोरीचा प्रबंध ऑगस्टमध्ये संपतो. तिकीट काढलंय, ९ सप्टेंबरला मुंबई. विमानाचंच.